दारावर पडलेल्या तीन थापा

मुलांनो, एक गंमत करून पाहा. गेल्या वर्षीची एखादी वही शोधून काढा आणि तिचं पहिलं पान उघडा. बहुतेकांच्या पहिल्या पानावर सुरेख अक्षरात काही ना काही संकल्प लिहिलेला असतो. 'रोज पहाटे उठणार.' 'आईला कामात मदत करणार.' 'तळमजल्यावरच्या आजींना आता दिसत नाही, त्यांना रोज पेपर वाचून दाखवणार.' आता पुढची पानं चाळा. चौथ्या-पाचव्या पानापर्यंत अक्षर बिघडलेलं असतं आणि संकल्पही कुठल्या कुठे गेलेला असतो. खरं की नाही?

आईबाबांनो, तुम्हीसुद्धा हसू नका हं! तुमच्याही मनात अशी न उघडलेली पानं असतीलच.

गंमत अशी, की हा संकल्प खोटा मुळीच नसतो. भिंतीला हात लावत जिना चढणाऱ्या आजींना पाहून तुम्हाला खरंच वाईट वाटलेलं असतं. पण तुम्हाला वाईट वाटलं, हे आजींना कुठं ठाऊक आहे? त्यांच्या खुर्चीशेजारचा पेपर घडी न मोडता तसाच पडून असतो.

मनात आलेला चांगला विचार आणि हातून घडलेलं चांगलं काम यांच्यामध्ये एक ओढा असतो. बरेचसे चांगले विचार याच ओढ्यात वाहून जातात. एका मुलीनं हा ओढा कसा ओलांडला, त्याची ही खरी गोष्ट. तिला एका उडीत तो ओलांडता आला नाही. त्यासाठी तिची कितीतरी वर्षं गेली.

'मला नाही इथं राहायचं!'

तिचं नाव इडा स्कडर. ती अमेरिकन आईबापांची मुलगी, पण तिचा जन्म आपल्या देशातला. ९ डिसेंबर १८७० रोजी तमिळनाडूतल्या राणीपेट या गावी ती जन्मली. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्यात मोडत असे. तिचे आजोबा डॉक्टर होते आणि ख्रिस्ती मिशनरी म्हणून १८१९ साली समुद्रमार्गे इकडे आले होते. वडील डॉ. जॉन स्कडर हेही डॉक्टर आणि मिशनरी. घराण्यातल्या कितीतरी जणांनी हाच मार्ग धरला होता. त्यामुळे इडाही मोठी झाल्यावर तेच करणार, असं सगळे धरून चालले होते.

इडा मात्र तसं धरून चालली नव्हती!

ती जेमतेम सहा वर्षांची होती, तेव्हा दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ चा तो दुष्काळ. अन्नासाठी येणाऱ्या मुलांना भाकरीचे तुकडे वाटताना छोट्या इडानं जे पाहिलं, ते ती विसरली नाही. काही मुलांच्या अंगात हात उचलून घास तोंडात घालण्याइतकंही बळ नव्हतं. पुढं ती शिक्षणासाठी अमेरिकेत गेली. तिथं मैत्रिणी होत्या, गाणी होती, थट्टामस्करी होती. या हुशार आणि खेळकर मुलीनं मनाशी पक्कं ठरवलं, की हिंदुस्थानातली ती धूळ, ते ऊन, ती भूक आपल्याला पुन्हा नको. आपलं आयुष्य इथंच काढायचं.

पण १८९० साली आई आजारी पडली आणि तिच्या मदतीला इडाला यावं लागलं. आईवडील तेव्हा तमिळनाडूतल्याच तिंडिवनम या गावी राहत होते. आई बरी झाली की पहिली बोट पकडून परत जायचं, हा तिचा बेत होता.

ती रात्र

एके रात्री इडा आपल्या खोलीत बसली होती. दारावर थाप पडली. बाहेर एक तरुण ब्राह्मण उभा होता. त्याची कोवळ्या वयाची बायको बाळंतपणात अडली होती आणि तिचा जीव धोक्यात होता. 'तुम्ही चला,' तो इडाला म्हणाला.

'मी डॉक्टर नाही. माझे वडील डॉक्टर आहेत, ते लगेच येतील,' इडा म्हणाली.

पण परक्या पुरुषानं घरातल्या बाईला पाहणं हे त्याच्या घरच्या चालीरीतीत बसणारं नव्हतं. तो तसाच मान खाली घालून परत गेला.

थोड्या वेळानं पुन्हा थाप. या वेळी आलेला माणूस मुसलमान होता. त्याच्याही घरी तीच अडचण होती. इडानं पुन्हा वडिलांचं नाव सांगितलं आणि तोही तसाच परतला. मग तिसरी थाप! हा आणखी एका उच्चवर्णीय हिंदू घरातला. याचंही तेच मागणं आणि पुन्हा तोच नकार.

इडाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिनं चौकशी करायला माणूस पाठवला. उत्तर आलं, की तिन्ही बाया रात्रीतच गेल्या.

मुलांनो, इथं क्षणभर थांबू या. 'काय ही माणसं! बायको मरते आहे आणि चालीरीत कसली सांभाळता?' असं तुमच्या मनात येईल. राग येणं अगदी बरोबर आहे. पण त्या काळी हे एका जातीचं किंवा एका धर्माचं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं तान्हं बाळ दहा दिवसांत गेलं. हे दुःख पोटात घेऊनच त्या डॉक्टर व्हायला सातासमुद्रापार गेल्या. बायकांवर उपचार करायला बायकाच डॉक्टर हव्या होत्या, आणि त्या तर जवळपास नव्हत्याच.

इडाला त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली. आपल्याला कितीही वाईट वाटलं, तरी त्या तिघींना आपला काडीचा उपयोग झाला नाही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तिची दया नको होती. त्याला हवं होतं, ते तिच्याजवळ नव्हतं.

सकाळी तिनं आईवडिलांना आपला निर्णय सांगितला. अमेरिकेला जायचं ते राहण्यासाठी नाही, तर डॉक्टर होऊन परत येण्यासाठी.

एका वाटसरूची गोष्ट

ख्रिस्ती घरांमध्ये मुलांना लहानपणीच येशूनं सांगितलेली एक गोष्ट ऐकायला मिळते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर चोरांनी एका माणसाला लुटलं, मारलं आणि अर्धमेला करून टाकून दिलं. त्या वाटेनं एक याजक, म्हणजे देवळातला पुरोहित, आला आणि बाजूनं निघून गेला. दुसरा आला, तोही देवळात सेवा करणारा. तोही तसाच गेला. तिसरा आला तो शोमरोनी. शोमरोनी लोकांना तिथले यहूदी तुच्छ मानत असत. पण थांबला तो हाच.

आता नीट बघा हं. पहिल्या दोघांना वाईट वाटलंच नसेल, असं थोडंच आहे? कदाचित वाटलंही असेल. पण त्याचा त्या जखमी माणसाला काय उपयोग झाला? तिसऱ्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, धर्मशाळेत नेलं आणि त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवली आणि सांगितलं, की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन.

म्हणजे त्यानं आपला प्रवास सोडला नाही आणि त्या माणसालाही सोडलं नाही. स्वतः जे करता येईल ते केलं, उरलेल्या कामासाठी दुसऱ्याला सोबतीला घेतलं आणि परत येण्याचं वचन दिलं. ख्रिस्ती लोक ज्याला सेवा म्हणतात, तिचं मूळ या गोष्टीत आहे. दयेला हात, पाय आणि खिसा असावा लागतो!

चांगल्या विचाराचं औषध होईपर्यंत

१८९५ साली इडा फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. हे कॉलेज कोणतं, माहीत आहे? आपल्या आनंदीबाई १८८६ साली जिथून डॉक्टर झाल्या, तेच! शेवटचा भाग तिनं न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण केला. तिथं मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. १८९९ साली ती डॉक्टर झाली.

विचार करा, मन पेटलं ते एका रात्रीत. पण त्या विचाराचा उपयोग व्हायला हाडांची नावं पाठ करावी लागली, परीक्षा द्याव्या लागल्या, रात्री जागाव्या लागल्या. सेवा म्हटलं की आपल्यासमोर पाणावलेले डोळे येतात. परीक्षेच्या अभ्यासानं लाल झालेले डोळे आपल्याला दिसत नाहीत!

मग पैशांचा प्रश्न आला. वेल्लोरला बायकांसाठी दवाखाना बांधायचा, तर पैसा हवा. इडा घरोघरी, सभांमधून लोकांना ती तीन थापांची हकिगत सांगत फिरली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट शेल नावाच्या एका बँकवाल्या गृहस्थांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले.

१९०० साल उजाडता उजाडता डॉ. इडा हिंदुस्थानात परतल्या. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्याच वर्षी वडील वारले. आता काय? दवाखान्याची इमारत नाही, अनुभव नाही, सल्ला द्यायला कुणी नाही. शिवाय एवढीशी तरुण बाई काय औषध देणार, ही लोकांच्या मनातली शंका होतीच. बऱ्याच जणांचा उत्साह अशाच वेळी संपतो.

डॉ. इडांनी इमारतीची वाट पाहिली नाही. वेल्लोरच्या राहत्या बंगल्यातच एका खाटेचा दवाखाना थाटला. मदतनीस म्हणून कुणी शिकलेली नर्स नव्हती. होती ती घरच्या नोकराची बायको, सालोमी. तिलाच त्यांनी हाताशी धरून शिकवलं. हळूहळू एकीचं बघून दुसरी बाई आली, दुसरीचं ऐकून तिसरी. पहिल्या दोन वर्षांत काही हजार रुग्ण येऊन गेले. १९०२ साली चाळीस खाटांचं मेरी टेबर शेल रुग्णालय उभं राहिलं.

झाडाखालचा दवाखाना

पण रुग्णालयापर्यंत येणार कोण? खेड्यातल्या बाईला घर सोडवत नाही, गाडीभाड्याला पैसे नसतात, मूल कडेवर असतं. तेव्हा डॉ. इडाच गावांकडे निघाल्या. सुरुवातीला बैलगाडीतून. मग १९०९ च्या सुमारास एक छोटी प्यूजो मोटार मिळाली. तिचा फटफट आवाज ऐकून लोकांनी भूत आलं म्हणून धूम ठोकली, असं सांगतात!

ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्यानं ही गाडी जाई. वाटेत झाडाखाली लोक वाट पाहत बसलेले असत. कुणाचे डोळे आलेले, कुणाची जखम चिघळलेली, कुणाचा दात दुखतो. तिथंच पेटी उघडायची, जखम धुवायची, औषध द्यायचं आणि पुढच्या झाडाकडे निघायचं. समोरचा कोणत्या जातीचा, कोणत्या देवाला हात जोडणारा, याचा इथं प्रश्न नव्हता.

या झाडाखालच्या दवाखान्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मोटार नव्हे आणि औषधांची पेटीही नव्हे. महत्त्वाचा आहे तो 'ठरलेला दिवस'. आज बाई येणार म्हणजे येणारच, हा भरवसा असल्याशिवाय आजारी माणूस उन्हातान्हात चार मैल चालत येऊन झाडाखाली कशाला बसेल? औषधाच्या आधी डॉ. इडांनी लोकांना हा भरवसा दिला होता.

दोन हात किती पुरणार?

एकटीनं कितीही धावपळ केली, तरी तीन थापा तीन निरनिराळ्या गावांत एकाच रात्री पडल्या तर? हा प्रश्न त्यांना सतावू लागला. उत्तर एकच होतं. इथल्याच मुलींना शिकवायचं. आधी परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा. मुली डॉक्टर होतील, यावर त्या काळी भल्याभल्यांचा विश्वास नव्हता. शाळेसाठी मोजके अर्ज आले तरी खूप झालं, असं जाणकारांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात इतके अर्ज आले, की निवड करावी लागली! १९२२ साली पहिल्या तुकडीतल्या चौदा मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्या रात्री इडाजवळ जे नव्हतं, ते आता चौदा जणींजवळ होतं.

हीच शाळा पुढं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झाली. १९४७ पासून तिथं मुलांनाही प्रवेश मिळू लागला. आज देशभरातले रुग्ण तिथं येतात. डॉ. इडा १९६० च्या मे महिन्यात वारल्या, तेव्हा त्यांचं वय ८९ होतं.

याच संस्थेतल्या डॉ. मेरी वर्गीस यांच्याबद्दलही सांगायलाच हवं. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांचं कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. 'आता मी काय करणार?' असं म्हणून त्या रडत बसल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांचे हात शाबूत होते. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. मग परदेशात जाऊन नवं शिक्षण घेतलं आणि अपंग झालेल्यांना पुन्हा आपल्या पायांवर, आणि पाय नसतील तर आपल्या हिमतीवर, उभं करणारा विभाग वेल्लोरला चालवला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याजवळ काय नाही याची यादी करायला वेळ लागत नाही. त्यांनी काय उरलं आहे, ते पाहिलं.

आता आपला ओढा

तुम्ही म्हणाल, 'एवढी मोठी माणसं ती! आम्ही तर अजून शाळेत.' कबूल. तुम्हाला रुग्णालय बांधायचं नाही. पण ओढा तोच आहे, फक्त तुमचा थोडा अरुंद आहे. तो कसा ओलांडायचा?

आधी विचारा. त्या रात्री इडा वडिलांना पाठवायला तयार होती, पण ती मदत त्या घरांना घेता येत नव्हती. आपल्याला द्यावंसं वाटतं ते आणि समोरच्याला हवं असतं ते, ही नेहमी एक नसतात. आजींना कदाचित पेपर नकोच असेल. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून हवी असतील. नाहीतर नुसतं कुणीतरी येऊन समोर बसावं, एवढंच हवं असेल.

मग शिका. लहान भावंडाला गणित शिकवायचं तर आधी तो धडा आपण नीट सोडवा. जखमेवर पट्टी कशी बांधायची, हे शाळेत स्काउट-गाइडमध्ये किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. अर्धवट माहितीवर केलेली मदत कधीकधी अंगाशी येते, आणि तीही दुसऱ्याच्या!

तिसरं म्हणजे दिवस आणि वेळ ठरवा. 'रोज' हा शब्द फार फसवा आहे. रोज म्हणणारे आठव्या दिवशी दमतात. आठवड्यातून एकदाच, पण नक्की. तुम्ही येणार म्हणून आजी दार लोटून ठेवतील. ज्या दिवशी तुम्ही जाणार नाही, त्या दिवशीही ते दार लोटलेलंच राहील, हे विसरू नका. जमणार नसेल तर आधी जाऊन सांगून या.

आणि एकट्यानं करू नका. मित्राला घ्या. तुमची परीक्षा आली की तो जाईल, त्याला ताप आला की तुम्ही जाल.

आईबाबांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. मुलाच्या हातात दहाची नोट देऊन 'दानपेटीत टाक' म्हणणं सोपं आहे. त्याऐवजी पहिल्या दिवशी मुलाबरोबर आजींच्या दारापर्यंत जा. कुणाच्या घरी जायचं, किती वेळ थांबायचं, हे तुम्हीच ठरवून द्या. आणि तिसऱ्या आठवड्यात मूल कंटाळलं, तर रागावू नका. त्या दिवशी परत बरोबर जा. पहिल्या उत्साहानंतरचा तो तिसरा आठवडाच खरा अवघड असतो. तो एकदा पार पडला, की सवय लागते.

तेव्हा मुलांनो, आज वही उघडा. मोठ्ठा संकल्प लिहू नका. एकच ओळ लिहा: 'रविवार, सकाळी साडेदहा, तळमजल्यावरच्या आजी.' किंवा तुमच्या आसपास ज्याला गरज असेल त्याचं नाव. आणि रविवारी साडेदहा वाजता खरोखर जिना उतरा.

इडाच्या दारावर लोक थाप मारायला आले होते. तुम्हाला त्याची वाट पाहायची गरज नाही. दार आजींचं आहे, थाप तुम्हीच मारा. आणि हो, चार रविवार झाले की आम्हाला पत्र लिहून कळवा, आजींनी काय काय वाचून घेतलं ते!